सातवा झोपला होता

"ठमे, माणसं दारात उभी आहेत. आईची कॉट नेऊ देऊ ना?" फोनवर दादाचा आवाज नेहमीसारखाच घाईचा होता.

तिची नजर समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरून हलली नाही. "अप्पांना विचारलंस?"

"झोपलेत. त्यांना काय विचारायचं त्यात? आपलं तिघांचं ठरलंय ना? तू, मी, तुझी वहिनी."

"ठरलंय."

"मग?"

"मग ने."

एवढंच बोलणं. अर्धं मिनिटही लागलं नसेल. तिनं फोन पालथा ठेवला आणि शेजारच्या खुर्चीतल्या टेस्टिंगवाल्याकडे वळली. "हं, काय म्हणत होतात?"

आई जाऊन पाच आठवडे झाले होते. ती रडली नव्हती. दातांच्या डॉक्टरनं भूल दिल्यावर गाल चावला गेला तरी कळत नाही, तसं चाललं होतं. जेवत होती, कामावर येत होती, कुणी विचारलं तर "बरंय" म्हणत होती.

तिचं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. यंत्राच्या पोटात कर्नल नावाचा एक कारभारी असतो. कुणाला किती मेमरी द्यायची आणि कुणाकडून ती परत घ्यायची, हे तो पाहतो. आता द्यायला काय, कुणीही देईल. खरी परीक्षा परत घेताना. एखादा तुकडा नको झाला म्हणून काढावा, तर त्याच क्षणी कुणीतरी तोच वाचत बसलेला असतो. त्याच्या हातातून तो ओढला की सगळं यंत्र भुईसपाट. मग करायचं काय? तिच्या आईनं घरात घालून दिलेला नियम होता, तोच: जेवणारा हात धुऊन येईपर्यंत त्याचं ताट उचलायचं नाही. नव्या माणसाला नवं ताट द्या, पण जो बसलाय त्याला उठू द्या. दादाचं जेवण सगळ्यांत शेवटी संपायचं आणि ही ताट उचलायला ताटकळत ठाम उभी राहायची; 'ठमी' हे नाव तेव्हापासूनचं. पुढे तिनं पोटापाण्यासाठी हेच केलं. यंत्रात आठ कोअर, म्हणजे काम करणारे आठ गडी, असतील, तर आठांनीही एकेकदा हातातलं काम सोडून मान वर करेपर्यंत थांबायचं, आणि मगच तुकडा मोकळा करायचा.

एकच सवलत तिनं ठेवली होती. जो कोअर झोपलेला आहे, त्याला विचारायचं नाही. झोपलेल्याच्या हातात काय असणार? उगाच उठवलं तर बॅटरी मात्र जाते. तीन वर्षांपूर्वी या सवलतीचं फार कौतुक झालं होतं.

"दरवेळी सातवाच, मॅडम," टेस्टिंगवाला म्हणाला. "दहा-अकरा दिवसांतनं एकदा मशीन आडवं होतं, आणि बघावं तर सातवा. तो पीसच बाद असणार. बदला म्हणून कळवू आणि हात झटकू."

"तेव्हा तो झोपलेला होता?"

"नोंद तर तशीच आहे. झोपलाय."

"झोपलेला कोसळतो कसा?"

"तेच म्हणतोय मी. डोकं फिरलेलं आहे त्याचं!" तो हसला. तिनंही हसायला हवं म्हणून ओठ ताणले.

तिनं नोंदी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतल्या. साडेतीनच्या सुमारास सापडलं. सातवा झोपला होता खरा. पण मधेच एखादी घंटा वाजली की तो अर्धवट जागा व्हायचा. 'मी जागा झालो' ही नोंद व्हायच्या आधीच सवयीनं जुन्या जागी हात घालायचा. आणि त्याला झोपलेला समजून ती जागा तोवर काढून टाकलेली असायची.

"सातवा शहाणा आहे," ती म्हणाली. "मीच त्याला विचारलं नाही."

तेवढ्यात पालथा फोन थरथरला. वहिनी होती. अप्पा पडले होते.

दवाखान्यात पोचली तेव्हा अप्पांच्या डाव्या मनगटाला प्लास्टर घालून झालं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा तो माणूस बाकावर अंग चोरून बसला होता, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"अगं, माझंच चुकलं," तिला पाहताच ते म्हणाले. "बघून बसायला हवं होतं. तू कशाला काम टाकून आलीस?"

दादानं तिला बाजूला घेतलं. "भर दुपारी, एवढ्या उजेडात, खिडकीपाशी गेले आणि सरळ खाली बसले! कॉट नाही हे दिसू नये माणसाला? ठमे, त्यांचं आता काही खरं नाही. त्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय. सोमवारी कळवतो."

ती प्लास्टरकडे बघत राहिली. आई तीन वर्षं त्या लोखंडी कॉटवर होती. अप्पा आतल्या खोलीत झोपायचे, आणि जाग आली की पूर्ण डोळे उघडायच्या आधीच बाहेर यायचे, पायथ्याशी टेकायचे, पालथा हात आईच्या पावलावर ठेवायचे, पांघरूण सरकलंय का बघायला. आई गेल्यावरही येत होते. बसायचे, हात गादीवर ठेवायचे, मग पुरते जागे व्हायचे आणि चहा ठेवायला जायचे. दादा रविवारचा यायचा, त्याला हे ठाऊक नव्हतं. हिला ठाऊक होतं. हिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"दादा, ते शहाणे आहेत."

"म्हणजे?"

"उठल्यावर ते रोज तिथे बसतात. मला माहीत होतं. तू फोन केलास तेव्हाही माहीत होतं. आपण त्यांना न विचारता त्यांच्याखालची जागा काढली आणि आता म्हणतोय, त्यांचं डोकं गेलं." तिचा आवाज ऑफिसात अहवाल वाचताना असतो तसाच सपाट होता. "चूक माझी आहे. मी 'ने' म्हणाले. खोली माझ्या चुकीसाठी घेऊ नकोस."

दादानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं उगाच पुसला. "मग आता काय, परत आणायची ती कॉट? दिली ती दिली."

"कॉट नको. थांबायचं."

"किती दिवस?"

"ते आपण नाही ठरवायचं."

दादानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. सोमवारी त्यानं वृद्धाश्रमात नको म्हणून कळवलं.

दवाखान्यातून परतल्यावर त्याच संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची उचलून कॉटच्या पायथ्याच्या जागी ठेवली आणि आठ दिवस रजा टाकून अप्पांकडे राहिली. दुसऱ्या दिवशी चारला अप्पा उठून आले, न बघता खुर्चीत बसले. उजवा हात गादीच्या उंचीवर पुढे आला आणि हवेत क्षणभर थांबला. मग हळूच त्यांच्याच गुडघ्यावर उतरला. ती दारात उभी होती. पुढे झाली नाही.

रजा संपल्यावर तिनं कर्नलमधली आपली सवलत काढून टाकली. काम थोडं हळू झालं. टेस्टिंगवाला कुरकुरला, "मॅडम, झोपलेल्यासाठी बाकीच्या सातांनी खोळंबायचं?" ती म्हणाली, "खोळंबायचं." अकरा दिवस गेले, बारावा गेला. यंत्र चालत राहिलं.

संध्याकाळी ती रोज अप्पांकडे जाई. खुर्ची तिथेच असे. तिनं कधी विचारलं नाही. दादा फोनवर एकदा म्हणाला, "ती खुर्ची अजून मधेच आहे का गं?" तिनं नुसतं "हं" केलं.

मग एका संध्याकाळी ती आली तर खिडकीजवळ काही नव्हतं. फरशीवर कॉटच्या पायांचे चार गंजके गोल तेवढे होते. अप्पा स्वयंपाकघरात, टेबलाशी, त्याच खुर्चीत बसून चहा पीत होते. डावा हात अजून गळ्यात बांधलेला.

"आलीस? तुझा कप झाकून ठेवलाय."

एका हाताला ती खुर्ची उचलत नव्हती. खिडकीपासून टेबलापर्यंत फरशीवर दोन लांब ओरखडे उमटले होते. मधे दोन ठिकाणी ते तुटले होते. तिथे ते दम खायला थांबले असावेत.

ओरखड्यांवर पाय पडू नये म्हणून ती कडेकडेनं चालत गेली, आणि समोर बसली. अप्पांचा कप रिकामा झाला होता. तो उचलायला तिनं हात पुढे केला, आणि मागे घेतला.