वईआडून ऐकलेली भाषा

झेब्रिणीच्या डाव्या कुशीवरचा एक काळा पट्टा पोटाच्या दोन बोटं वर दुभागला होता. उजव्या कुशीवर तसा फाटा नव्हता. रोज सकाळी खरारा करताना दाजींचा हात त्या फाट्यापाशी थांबे आणि अंगठा तिथे हलकेच फिरे. त्यांची बायको सत्यवती हे वईआडून, काटक्यांच्या कुंपणामागून, बघत असे. तिच्या कपाळावर लहानपणी पडल्याची खूण होती. ती दाजींच्या कधी ध्यानात आली होती का, कोण जाणे.

मिठबावच्या बागेत, माडांच्या सावलीत, दाजींनी आफ्रिकेतले प्राणी पाळले होते. झेब्र्याची ही मादी, शहामृगांची जोडी आणि एक राखी पोपट. मोंबासात बारा वर्षं दुकान चालवून १९५८ साली ते परतले, तेव्हा हे सगळं बोटीने बरोबर आणलं. लोक तळेऱ्याहून एस.टी.ने बघायला येत.

तिकडचं दुकान आता धाकटा भाऊ भिकाजी बघे. 'परत ये' असा त्याचा निरोप दरवर्षी येई. दाजी म्हणत, "आंब्याचो हंगाम होवंदे." हंगाम झाला की, "चतुर्थी होवंदे." प्राणी विकत मागणाऱ्या सर्कसवाल्यालाही तेच उत्तर. हा माणूस इथे राहायला आलाय की नुसता थांबलाय, हे सत्यवतीला सहा वर्षं कळत नव्हतं.

मासे विकणारी हौसाबाई पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "गो सत्यवती, तुजी सवत मात्र देखणी आसा हां! पट्ट्यांचा लुगडा कसा चोपून नेसली हा!"

"घेवन जा. तुज्या घोवाक आवडात."

"माज्या घोवाक बांगडो होयो, गाढव नको!"

सत्यवती हसली नाही. तिचा जळफळाट त्या जनावरावर नव्हता. दाजी झेब्रिणीशी तिकडच्या स्वाहिली भाषेत बोलत. लांबलचक बोलत, मधेच हसत. घरात त्यांचं बोलणं म्हणजे, पेंड आली काय? कालवणात मीठ कमी. जो देश तिने पाहिला नव्हता, त्याच्याशी ते रोज तिच्यादेखत गप्पा मारत. आणि मोंबासाला निघताना पहिल्या खेपेला त्यांनी विचारलं होतं, "येतंस?" तेव्हा "आंब्याची कलमां कोण बघतलो?" असं तीच म्हणाली होती. ते आठवलं की तिला जास्तच झोंबे.

त्या वैशाखात दाजी तापाने पडले. गडी धोंडूने गवत घातलं, पेंड दाखवली, पण झेब्रीण कोपऱ्यातून हलेना.

"वैनी, हिका भूक नाय. हिका दाजी होये."

सत्यवतीने त्याच्या हातातली बादली घेतली आणि कुंपणाच्या आत गेली.

"न्जो," ती म्हणाली. 'ये' म्हणायला दाजी हाच शब्द वापरत. मग हळू, "पोले, पोले," म्हणजे सावकाश, सावकाश. अगदी दाजींसारखं, शेवट लांबवत.

झेब्रिणीने कान टवकारले. ती आली आणि सत्यवतीच्या तळव्यावरची पेंड खाऊ लागली. तिचे ओठ ऊबदार होते. सत्यवतीला बरं वाटायला हवं होतं. पण मनात आलं ते एवढंच, की हिनेसुद्धा तो देश पाहिलाय.

"ह्या तुका कोणी शिकयल्यान?"

दाजी घोंगडी पांघरून मागे उभे होते. आवाजात तापाचा थकवा होता, आणि आपलं काहीतरी कुणी उचलल्याचा रागही.

"तुमीच. वईच्या आडसून."

"माका इचारूचा होता."

"इचारतलंय कधी? माज्याशी तुमी आपल्या भाषेत तरी खंय बोलतास?"

दाजी कुंपणाला टेकले. झेब्रिणीकडे बघत म्हणाले, "थंय पाऊस पडलो की सगळा रान..." आणि थांबले. "जावंदे. सांगान तुका कळाचा नाय."

सत्यवतीने तळवा पदराला पुसला.

"सांगू नकात," ती म्हणाली. "जनावरां त्या सर्कसवाल्याक देवा. भिकाजी भावजींका कळवा, हंगाम सरायची वाट बघणव नाय म्हणान. ह्या खेपेक मी येतंय."