दार बंद होते

सरकारी कचेरीत एकतीस वर्षं खुर्ची झिजवली, निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात त्याच कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल टाकून बसले. ज्यांना घर नाही त्यांचे ओळखपत्राचे अर्ज भरून देते, फुकट. सूनबाई म्हणते, "आई, लोक निवृत्तीनंतर आराम करतात." म्हटलं, मेल्यावर काय दुसरं करायचंय?

बुधवारी सकाळी धारवाला आला. सुऱ्या-कात्र्यांना धार लावत दिवसभर हिंडतो आणि पादचारी पुलाच्या जिन्याखाली झोपतो. तो धंद्यावर असताना त्याच्या म्हाताऱ्या आईला तिथून उचलून सरकारी आश्रयगृहात नेलं होतं. आई परत हवी तर ओळखपत्र दाखव, म्हणाले. आई सुटली की इस्त्रीवाला दुकानामागची खोली द्यायला तयार होता. अडलं होतं ते फक्त कार्डापाशी.

"ताई, शुक्रवारी गाडी निघणार," तो म्हणाला. "जागा पुरत नाही म्हणून म्हाताऱ्यांना दुसऱ्या गावी हलवताहेत. चारशे किलोमीटर. तिला धड दिसत नाही हो. आणि इथून हा कागद आलाय."

अर्ज नामंजूर. नियम असा, की ज्याला घर नाही त्याने झोपायची जागा पत्ता म्हणून लिहायची. मग अधिकारी तिथे जाऊन माणूस बघतो आणि शेरा मारतो. शेरा होता: 'अर्जदाराच्या पत्त्यावर समक्ष भेट दिली. दार बंद होते. कडी वाजवली, प्रतिसाद मिळाला नाही.'

मी तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचवेना. तळपायाची आग मस्तकाला गेली.

"त्या दिवशी तू कुठे होतास?"

"तिथेच, ताई. चार दिवस धंदा बंद ठेवून बसलो होतो. लघवीला जायचं तरी चपलावाल्याला बसवून जायचो, म्हटलं साहेब यायचे नेमके तेव्हाच."

"चल माझ्याबरोबर."

आत ज्याच्या टेबलावर गेले तो साहेब माझ्याच हाताखाली तयार झालेला. मला बघून अर्धवट उठला. मी कागद त्याच्या जेवणाच्या डब्यावरच ठेवला.

"काय रे, पुलाच्या जिन्याला दार कधी बसवलं? कडी पितळी आहे का लोखंडी?"

त्याने कागद वाचला, धारवाल्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, ऐंशी अर्ज आहेत, फिरायला मी एकटा. आणि रागावू नका, पण हे वाक्य तुम्हीच शिकवलंत. पहिल्याच आठवड्यात. 'जाणं झालं नाही तर दार बंद लिही, कोणी विचारत नाही.'"

शिकवलं होतं, खरंच. ऊन फार असलं, गुडघा दुखत असला, पोराची परीक्षा असली, की मी खुर्चीत बसल्या बसल्या लोकांची दारं बंद करत आले होते. लाज वाटली. धारवाला शेजारी उभा होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. पण लाजत बसायला वेळ कुठे होता? मध्ये एकच दिवस.

"मी शिकवलं ना? मग मीच सांगते, चुकीचं शिकवलं. ऊठ."

"जेवण झाल्यावर..."

"ऊठ म्हणते ना! नाहीतर हा कागद मोठ्या साहेबांपुढे ठेवते आणि शेजारी माझा कबुलीजबाब. बुडायचं तर दोघं बुडू."

तो उठला. पंधरा मिनिटांत आम्ही पुलापाशी पोचलो. जिन्याखाली दोन अंथरुणं होती, एक पसरलेलं, एक नीट घडी घातलेलं. धार लावायचं चाक, पाण्याचा कॅन.

"हं, वाजव कडी," मी म्हणाले.

साहेब मान खाली घालून उभा. धारवाल्याने मात्र खोकं उलटं करून बाहीने पुसलं. "बसा साहेब. डोकं सांभाळा, वर लोखंड आहे."

तो वाकून बसला. घडीच्या अंथरुणाकडे बघून म्हणाला, "हे कुणाचं?"

"आईचं."

त्याने खिशातून पेन काढलं. गुडघ्यावर कागद ठेवून नवा अहवाल लिहिला, खाडाखोड न करता, आणि स्वतः मोठ्या साहेबांकडे घेऊन गेला. कार्ड हातात यायला महिना लागतो, पण तोवर सहीशिक्क्याचा दाखला चालतो. गुरुवारी संध्याकाळी कचेरी बंद व्हायच्या वेळी तो दाखला आणून द्यायला फाटकाबाहेर माझ्या टेबलापाशी हा साहेब आपल्या पायांनी आला.

शुक्रवारी धारवाला आणि मी आश्रयगृहाशी पोचलो तेव्हा गाडी सुरू होती आणि म्हातारी माणसं आत बसली होती. व्यवस्थापकाने दाखला उलटून पालटून पाहिला, शिक्का उजेडात धरला. मी म्हटलं, "बघा, बघा, नीट बघा. पण आधी ती गाडी बंद करायला सांगा." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात वर करून ड्रायव्हरला खूण केली.

आई उतरली. धारवाल्याने दंडाला धरून पायरी दाखवली. तिने त्याचा चेहरा चाचपला आणि दिली एक ठेवून.

"मेल्या, इतके दिवस कुठे उलथला होतास? मी रोज विचारायचे. इथले लोक म्हणायचे, कोणी आलंच नाही."

ते चार दिवस सोडले तर हा पठ्ठ्या रोज आश्रयगृहाच्या फाटकाशी उभा असायचा. पण गाल चोळत नुसता हसला. म्हणाला, "चुकलं, आई."

मला राहवेना. "आजी, त्याचं नाही चुकलं. उशीर माझ्यामुळे झाला. माझ्यामुळे पुष्कळांना झालाय."

तिने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "तू कोण गं?"

काय सांगणार होते?

"मग नुसती उभी काय राहिलीस?" म्हातारी म्हणाली. "हे गाठोडं धर."

मी धरलं.