सत्तावीस नंबरचा प्रिंटर

"आता वीज दिवसातून दहा वेळा जाऊ दे, हा प्रिंटर हरवायचा नाही," कॉम्प्युटरवाला राधामेस म्हणाला आणि घोड्याला मारतात तशी प्रिंटरच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात वीज गेली.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या त्या कचेरीत कुणी दचकलं नाही. बाकड्यावर बसलेल्या ओफेलिनाबाईंनी पंखा थांबला म्हणून रुमालानं वारा घ्यायला सुरुवात केली. वय एक्क्याऐंशी. तेहतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात भात ढवळलेला. आज त्यांना एकच कागद हवा होता, आपण जिवंत असल्याचा दाखला. बाराच्या आत तो पेन्शनच्या खिडकीत पोचला नाही तर पेन्शन बंद.

राधामेसच्या त्या धर्ममाय. बाप्तिस्म्याला त्यांनीच त्याला हातांवर धरलं होतं.

"घाबरू नकोस, माय. आधी काय व्हायचं? वीज गेली की प्रिंटर नेटवर्कवरून सुटायचा. परत आला की त्याला मिळायचा नवाच नंबर, आणि कॉम्प्युटर बसायचा जुन्या नंबराला हाका मारत. आता मी त्याला पक्का नंबर दिलाय. सत्तावीस."

"माझा सत्तावीस?"

"तुझाच की!"

बाईंच्या स्वप्नात एकदा मेलेला नवरा आला, 'सत्तावीस' म्हणाला, आणि शनिवारच्या लॉटरीत सत्तावीसच लागला. तेव्हापासून राधामेस गावातल्या ज्या प्रिंटरला हात लावी, त्याला सत्तावीसच देई. शुभ नंबर.

वीज आली. सगळ्या गल्लीनं "आली!" म्हणून आरोळी ठोकली. राधामेसनं दाखला छापायला दिला. पडद्यावर आलं, 'छापून झालं.' प्रिंटरमधून काहीच आलं नाही. त्यानं परत दिला. मग परत. सातव्यांदा त्यानं प्रिंटरला आईवरून शिवी दिली, आणि माय समोर बसलीय हे आठवून स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

बाहेरून कर्णेवाली गाडी गेली. "कळवण्यास अत्यंत दुःख होतंय... आपल्या सर्वांच्या लाडक्या..." पुढचं भोंग्यात विरलं.

"कोण गेलं रे?" बाईंनी विचारलं. "जायला हवं. त्यांच्याकडे मयताला कॉफी तरी चांगली देतात का?"

राधामेसनं मात्र नाव ऐकलं होतं. त्यानं प्रिंटरची वायर काढून परत खोचली.

दारातून फेर्मिन आत आला, टोपी छातीशी धरून. शेजारचं अंत्यविधीचं दुकान त्याचं. कचेरीचं इंटरनेट मार्चपासून तुटलेलं, म्हणून कचेरी त्याच्याच वायफायवर जगत होती. त्याच्या हातात काळ्या चौकटीचे सात कागद होते.

"ओफेलिनाबाई!" तो किंचाळला. "तुम्ही बसलाय?"

"मग उभी राहू का?"

"अहो, सात प्रती आल्या माझ्या प्रिंटरवर! म्हटलं, घरच्यांना भलतीच घाई दिसतेय. लगेच गाडी सोडली."

"अरे, जिवंत असल्याचा दाखला आहे तो! वाचता येत नाही तुला?" राधामेस ओरडला.

"माझ्या प्रिंटरमध्ये काळ्या चौकटीचाच कागद असतो. चौकट बघतो, नाव बघतो. धंद्याला तेवढं पुरतं."

फेर्मिनचा प्रिंटरही गेल्या वर्षी राधामेसनंच बसवला होता. सत्तावीस. वीज गेली तेव्हा कचेरीचा सत्तावीस झोपला. कॉम्प्युटरच्या हाकेला ओ दिली फेर्मिनच्यानं. तो जागाच होता, कारण मढ्यांच्या बर्फासाठी तिथं इन्व्हर्टर आहे. जिवंत माणसांच्या कचेरीला तो मंजूर नाही.

बाराला दहा कमी. राधामेसनं कचेरीच्या प्रिंटरचा नंबर अठ्ठावीस केला. दाखला छापायला दिला. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'मृत व्यक्तीस हा दाखला देता येत नाही.'

आतल्या खोलीतून नोंदणी अधिकारी योकास्ता मॅडम डोकावल्या. "गाडी ऐकली मी. नोंद करून टाकली. डॉक्टरचा कागद काय, फेर्मिन संध्याकाळी आणतोच. बावीस वर्षांत माझी एक नोंद उशिरा नाही."

"मॅडम, बाई इथं बसल्यात!"

"दिसतंय ना मला. यांच्या हातचा भात खाऊन मोठी झालेय मी." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "पण झालेली नोंद खोडायचा अधिकार राजधानीला, सांतो दोमिंगोला. अर्ज करा. सहा-आठ महिने लागतात. सोबत मृत्यूचा दाखला जोडायचा."

"आणि तोवर मी खायचं काय?" ओफेलिनाबाईंनी विचारलं.

मॅडमनी चष्मा लावला. फेर्मिननं टोपी घातली, मग परत काढली.

"पोरा," बाई म्हणाल्या, "हरवायचा नाही म्हणालास ना?"

"प्रिंटर म्हणालो होतो, माय."

मॅडमनी आतून बटण दाबलं. अठ्ठावीस नंबरच्या प्रिंटरनं ओफेलिनाबाईंच्या मृत्यूचा दाखला पहिल्याच हुकमाला छापला, एकही डाग न पाडता. मृत व्यक्तीची सही चालत नाही, म्हणून पोचपावतीवर राधामेसनं सही केली.