खेजडीपाशी वाट बघ

शिट्टी अपूर्वाच्या गळ्यात होती आणि तिच्या दादाचे डोळे शिट्टीवर.

चाकसूची बस अजून यायची होती. दुर्गापुऱ्याच्या स्टॉपवर जानेवारीचा वारा कानात शिरत होता, पण टोपी घालायला कुणी तयार नव्हतं. टोपी घातली की शिट्टी नीट ऐकू येत नाही, असं अपूर्वाचं म्हणणं. तिने ती तोवर सात-आठ वेळा वाजवून पाहिली होती. दोन रिक्षावाले थांबूनही गेले.

आमच्या रविवारच्या भटकंतीचे नियम साधे आहेत. बस जाईल तिथवर बसने, पुढे पायी. ज्याच्या गळ्यात शिट्टी, तो वाटाड्या. बाकीच्यांनी त्याच्या मागून चालायचं, मीसुद्धा. एक लांब शिट्टी म्हणजे ‘या’, तीन तुटक म्हणजे ‘मदत’. आणि आपसात बोलायचं ते मराठीत. हा शेवटचा नियम मुलांच्या आयांनी घातलेला. बँकेतल्या, विम्यातल्या बदल्यांमुळे ही कुटुंबं जयपुरात आली, मुलं इथल्या शाळांत वाढली, आणि मराठी घरात आईच्या रागावण्यापुरती उरली. मी इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, पायांना चालायची खोड. म्हणून सगळ्यांची प्रभाआजी.

हिवाळाभर शिट्टी कैवल्यकडे होती. तो बारा वर्षांचा. त्याची बहीण अपूर्वा नऊची. महिनाभर ती माझ्या दारात येऊन एकच विचारत होती, “आजी, माझा नंबर कधी?”

“आजी, तुम्ही चूक करताय,” कैवल्य म्हणाला. “हिला मराठी येत नाही. परवा आई म्हणाली, खाली जाऊन बघ दूधवाला आला का. तर ही पिशवी शोधत बसली. म्हणे, खाली हात कशाला जायचं, काहीतरी घेऊन जाते!”

ऋचा, त्यांच्या शेजारची मुलगी, पोट धरून हसली. अपूर्वाचे कान लाल झाले.

“मला येतं मराठी. मतलब... पुष्कळ येतं.”

“बरं, मग पैज,” कैवल्य म्हणाला. “तू आम्हाला रोहित दाखवलेस आणि सगळ्यांना धड परत फाट्यावर आणलंस, तर होळीपर्यंत शिट्टी तुझी. काही गडबड झाली, तर माझी.”

“डन!”

“मराठीत.”

“पक्का!”

“मराठीत, अपू.”

तिने आकाशाकडे बघत शब्द शोधला. “कबूल!”

बस आली. आम्ही मागच्या बाकावर शिरलो. कंडक्टरने चारही तिकिटं माझ्या हातात दिली आणि मुलांकडे पाहिलं. “सुबह-सुबह बच्चों की टोली लेकर कहाँ, माताजी?”

मी बोलायच्या आत अपूर्वा म्हणाली, “चंदलाई तालाब. रोहित देखने!”

“रोहित कौन? मामा का लड़का?”

“पक्षी है, भैया! गुलाबी. इतने लंबे पैर. उलटी चोच.” तिने मान वाकडी करून दाखवली. “आप लोग फ्लेमिंगो बोलते हो. मराठीत रोहित.”

“अच्छा!” कंडक्टर गंभीरपणे म्हणाला. “मेरे साले का नाम भी रोहित है. सर्दी में वो भी आता है. फिर जाने का नाम नहीं लेता.”

पुढच्या बाकावरच्या बायकासुद्धा हसल्या. सांगानेर मागे पडलं, उंच इमारती संपल्या आणि दोन्ही बाजूंना मोहरी सुरू झाली. मुलं खिडकीला चिकटली. इतकं पिवळं की डोळे मिटले तरी दिसत राहावं.

फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं. अपूर्वाने लांब शिट्टी मारली, बस गेली त्या दिशेला एकदा हात केला आणि चालायला लागली. मध्येच थांबून ती मागे वळे, आम्हाला मोजे, पुन्हा निघे. तीन माणसं मोजायला तिला बराच वेळ लागत होता, कारण प्रत्येकाकडे ती काळजीपूर्वक बघत होती. मला ते फार आवडलं.

रस्त्यात शेतातल्या एका आजीने आम्हाला हरभऱ्याची पेंडी दिली. हिरवे घाटे सोलत, तोंडं आंबट करत आम्ही तलावाच्या काठी पोचलो. आणि उभेच राहिलो.

पाणी मागे सरकलं होतं. मागच्या वर्षी जिथे मी पक्षी पाहिले होते, तिथे सुकत चाललेला चिखल होता. त्यात चार म्हशी सुखाने बसल्या होत्या, आणि एका म्हशीच्या पाठीवर एक बगळा.

“रोहित काळे पण असतात का हो, आजी?” कैवल्यने विचारलं.

अपूर्वाने शिट्टी मुठीत घट्ट धरली होती.

“लागली वाट,” कैवल्य म्हणाला.

“कुठे?” तिने एकदम मान वर केली. “कुठे लागली?”

आता मात्र ऋचालाही हसावं की नाही कळेना. “अगं, वाट लागली म्हणजे... संपलं सगळं. बिघडलं.”

“वाट मिळाली तर बिघडलं कसं?” अपूर्वा चिडून म्हणाली. प्रश्न खरा होता, पण त्याच वेळी ऋचा ओरडली. तिच्या बुटात सराटा घुसला होता, आणि तोही तळव्याच्या बाजूने.

मी तिला शेताच्या बांधावर बसवलं. वेळ लागणार हे दिसत होतं आणि अपूर्वा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. मी म्हटलं, “ती समोरची खेजडी, आपली शमी, दिसते ना, संक्रांतीचा पतंग अडकलाय ती? तिथे जाऊन वाट बघ. आम्ही आलोच.”

“वाट बघू?”

“हो. नीट बघ हं.”

ती उड्या मारत गेली. कैवल्यने ऋचाचा बूट धरला, मी चिमट्याने काटा ओढला, तो अर्धा तुटला, पुन्हा धरला, निघाला. ऋचाला गजकची, म्हणजे इथल्या तिळगुळाची, वडी दिली. मान वर केली तर खेजडीवर पतंग फडफडत होता आणि खाली कुणी नव्हतं.

“अपू!” कैवल्यने हाक मारली.

आम्ही भराभर चालत झाडापाशी गेलो. कुणी नाही. एका बाजूला मोहरी माझ्या खांद्याएवढी, दुसऱ्या बाजूला तलावाचा उंच मातीचा बांध, आणि बांधापलीकडे काय ते दिसत नव्हतं. पलीकडे पाणी असणार एवढं मला माहीत होतं. चिखल किती खोल, ते माहीत नव्हतं.

“अपू! ए अपू!” कैवल्यचा आवाज चिरकला. “आजी, मी तिला उगाच बोललो. ती रागावून गेली असेल.”

“रागावलेली माणसं उड्या मारत जात नाहीत,” मी म्हटलं. आणि बांधाकडे वळले.

तेवढ्यात शिट्टी आली. बांधाच्या पलीकडून. आम्ही तिघेही श्वास रोखून पुढच्या शिट्टीसाठी थांबलो. तुटक आहे की लांब? ती लांबतच गेली, हळू, जेमतेम ऐकू येईल इतकी, कुणाला झोपेतून उठवायचं नसावं तशी.

या.

बांधावर शेळ्यांनी पाडलेली एक पाऊलवाट होती. आम्ही तिच्यावरून जवळजवळ रांगत चढलो. माथ्यावर अपूर्वा पोटावर पालथी पडली होती, ओठांवर बोट ठेवून.

आणि खाली सगळं गुलाबी होतं.

किती होते ते मला विचारू नका. पाणी होतं आणि पाण्यावर रोहित होते, एकमेकांना लागून, माना खाली घालून, पायांनी चिखल ढवळत. सगळ्या तलावातून एक बारीक कुरकुर येत होती, लग्नाच्या पंगतीत येते तशी. मग कडेचा एक थवा उठला. पंख उघडले आणि आतला लाल रंग बाहेर पडला. ऋचाने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

“चोच उलटी का धरतात?” कैवल्य कुजबुजला.

“तूच बघ आणि सांग.”

तो बराच वेळ बघत राहिला. “गाळतात! मतलब, चहाच्या गाळणीसारखं. पाणी बाहेर, खाऊ आत.”

“मराठीत,” अपूर्वा म्हणाली.

“गाळणी मराठीच आहे!”

“मतलब नाहीये.”

परत खेजडीखाली आल्यावर मी तिला समोर उभं केलं. रागावायचं नव्हतं, पण विचारायला हवं होतं. “अपूर्वा, मी तुला काय सांगितलं होतं?”

“वाट बघ.”

“मग?”

“बघितली ना!” तिचे डोळे मोठे झाले. “पूर्ण बघितली. ती वर चढते आणि पक्ष्यांपर्यंत जाते. तुम्ही म्हणालात नीट बघ, म्हणून शेवटपर्यंत बघितली.”

मी कपाळाला हात लावला. ऋचा आधी हसली. कैवल्य हसला नाही. तो म्हणाला, “वाट बघ म्हणजे थांब, अपू. कुणी येईपर्यंत थांब.”

“मग थांब म्हणायचं!” तिचा चेहरा पडला. हात आपोआप शिट्टीकडे गेला. “म्हणजे गडबड झाली?”

फाट्यापर्यंत ती पुढे चालली, पण आता मागे वळून मोजताना ती हसत नव्हती.

फाट्यावर बस नव्हती. मी पिशवी खाली ठेवली. “आता थोडी वाट बघू या,” म्हटलं आणि जीभ चावली.

अपूर्वा रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. चाकसूकडून येणाऱ्या रस्त्याकडे तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. पुष्कळ वेळ तशीच. मग वळून म्हणाली, “आजी, बस यायची म्हणून आपण हिच्याकडे बघतोय. वाटेकडे. म्हणून वाट बघणं?”

“म्हणूनच.”

“मग मी चुकले कुठे? मी पण वाटच बघितली.”

कैवल्य तिच्यापाशी गेला. त्याने तिच्या गळ्यातल्या शिट्टीची दोरी धरली. मला वाटलं, काढून घेतो. त्याने दोरीची सुटलेली गाठ घट्ट केली.

“चुकली नाहीस,” तो म्हणाला. “जरा जास्तच बघितलीस. होळीपर्यंत तुझी. पण पुढच्या वेळी दिसेनाशी झालीस तर बघ!”

“काय बघू? वाट?”

“गप्प बस.”

ती इतकी जोरात हसली की तारेवरचे पोपट उडाले. तेवढ्यात बस दिसली. अपूर्वाने लांब शिट्टी मारली, आम्हा तिघांना मोजून आत चढवलं आणि शेवटी स्वतः चढली. कंडक्टर सकाळचाच होता.

“क्यों बिटिया, मिल गए रोहितजी?”

“मिले भैया!” ती दांडी धरून ओरडली. “पूरा ससुराल लेके आए हैं!”