नुमेरिउसच्या कविता

"वहिनी, थांबा! त्या टाकू नका!"

नुमेरिउसचा मित्र रुफिल्लुस ओस्तियाच्या रस्त्याने ओरडत, धापा टाकत आला, तेव्हा चिता चांगलीच पेटली होती. नुमेरिउसच्या बायकोच्या, वेट्टियाच्या हातातली टोपली रिकामी झाली होती. मेलेल्याच्या आवडीच्या वस्तू त्याच्याबरोबर द्यायच्या, ही आमची रीत. तिने त्याच्या चपला दिल्या, फासे दिले आणि शेवटी कवितांच्या सगळ्या गुंडाळ्या. आमची अख्खी चाळ तिथे उभी होती. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

"कवितांशिवाय त्यांना तिकडे करमायचं कसं?" ती म्हणाली. "आणि तुमच्याकडे नकला आहेतच की, भाऊजी."

"कसल्या नकला? वाचायला नेल्या होत्या, त्याच परत दिल्या मी. आज एक पुस्तकवाला कबूल झाला नकला काढून विकायला. तेच सांगायला पळत आलो!"

वेट्टियाने चितेकडे पाहिलं. गुंडाळ्या केव्हाच जळाल्या होत्या.

नुमेरिउस कोठारात मापाडी होता. दिवसभर गहू मापायचा आणि संध्याकाळी जिन्यात माणूस गाठून कविता ऐकवायचा. त्याचं खाकरणं ऐकलं की माळ्यामाळ्यावरची दारं लागायची. माणूस सोन्यासारखा, पण कविता आवरत नसे.

"तुम्हाला काही पाठ असेल, भाऊजी. वाहवा तर केवढी करायचात!"

"वाहवा करायला ऐकावं कुठे लागतं, वहिनी?"

तिने आमच्याकडे पाहिलं.

"एका कवितेत नासपती होती बहुतेक," तिसऱ्या माळ्यावरची सेक्स्तिया म्हणाली.

"अंजीर होतं," तिचा नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही घोरत होतात."

कुणी हसलं नाही. फार वाईट वाटलं.

"मी तरी कुठे धड ऐकलं?" वेट्टिया म्हणाली. "ते वाचायला बसायचे आणि इकडे माझी मसूर करपायची. म्हटलं, घरातच आहेत, ऐकू कधीतरी."

चिता शांत झाल्यावर निखाऱ्यांवर मद्य शिंपडलं. वेट्टिया हाडं वेचू लागली. गुंडाळ्यांच्या मधल्या दांड्या नुमेरिउसने हौसेने हाडाच्या करून घेतल्या होत्या. आता त्याची बोटं कोणती आणि दांड्यांचे तुकडे कोणते, ते कळेना. रुफिल्लुस निवडायला वाकला.

"राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली आणि ओंजळीने सगळं एकाच मडक्यात भरू लागली.