एका माणसापुरतं पाणी

दादानं लाल पेन्सिलीचं टोक नकाशातल्या खिडकीखाली टेकवलं आणि चष्म्यावरून बहिणीकडे पाहिलं.

"हा बाक कशाला?"

"बसायला," चिमी म्हणाली.

"सहा फूट लांब? एवढं ऐसपैस बसून मी करू काय?"

चिमी चौपन्न वर्षांची होती. आर्किटेक्ट म्हणून तिचं स्वतःचं ऑफिस होतं, हाताखाली चार माणसं होती, आणि तिथं सगळे तिला मॅडम म्हणत. घरात मात्र ती चिमीच राहिली. आई-वडील जाऊन बरीच वर्षं झाली, तरी थोरल्या भावानं ते नाव काही सोडलं नव्हतं. दोघांनीही लग्न केलं नाही. का केलं नाही, हे खोदून खोदून विचारणारे नातेवाईकही एकेक करून निघून गेले होते, त्यामुळे आता तोही त्रास उरला नव्हता.

दादा नुकताच पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाला होता. पस्तीस वर्षं पंपांच्या घरघरीत काढल्यावर त्याला आता जिथं काही म्हणता काही वाजत नाही अशा ठिकाणी राहायचं होतं. एका मित्राची जंगलात जमीन होती, तिचा एक तुकडा त्यानं घेतला आणि घराचा नकाशा करायला सांगितला तो अर्थातच बहिणीला. घर अगदी लहान हवं आणि जंगलाला त्याचा भार होता कामा नये, एवढीच त्याची अट. म्हणजे वीज छपरावरच्या उन्हाची, पाणी पावसाचं, भिंती तिथल्याच मातीच्या आणि लाकूड कुणाच्या तरी मोडलेल्या घराचं.

चिमीनं हे काम जीव ओतून केलं. करता करता ती एकाच गोष्टीची वाट पाहत होती. आज ना उद्या दादा सहज म्हणेल, तूही चल की. तो म्हणेना, आणि ती विचारेना. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची जुनीच सवय. तोंडानं विचारायचं सोडून ती नकाशात जागा करत गेली. पलंगाच्या दुसऱ्या अंगाला आणखी एकाचं सामान राहील अशी फळी आखली, छपराखाली एक माणूस झोपेल एवढा पोटमाळा आखला आणि शेवटी खिडकीखाली हा बाक.

दादानं एकेक करून सगळं काढायला लावलं. दर वेळी कारण एकच, तेवढंच लाकूड वाचेल. आणि त्यावर चिमीला बोलायला तोंड नव्हतं. जे बांधलंच नाही त्याचा जमिनीवर भार पडत नाही, हे ती स्वतःच हाताखालच्या माणसांना वर्षानुवर्षं सांगत आली होती. आता ते तिच्याच गळ्यात आलं होतं.

बाकावर लाल फुली पडली. दादानं पान उलटलं आणि हिशोब तपासायला घेतला. तिच्या कामातला प्रत्येक आकडा ऑफिसबाहेर पडण्याआधी त्याच्या नजरेखालून जायचा, ही तिसरीतल्या गुणाकारापासूनची रीत. चूक शोधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. सापडली की तो लगेच खोडायचा, वर बरोबर आकडा लिहायचा आणि वरून एक टोमणाही मारायचा. हे पान पाण्याच्या टाकीचं होतं. माणशी रोज पंचेचाळीस लिटर, पावसाविना जाणारे दिवस दोनशे चाळीस. तो ओठांतल्या ओठांत गुणाकार करत खाली आला आणि थांबला.

"टाकी दुप्पट धरली आहेस," तो म्हणाला.

चिमीनं वाकून पाहिलं. 'माणसं' या शब्दापुढे तिच्याच अक्षरात दोनाचा आकडा होता. फळी, पोटमाळा, बाक हे तिनं जाणूनबुजून केलं होतं, पण हे नाही. आई-वडिलांमागे बावीस वर्षं या घरात दूध, भाजी, पोळ्या, सगळं दोघांपुरतं मोजलं जात होतं. हात तिला न विचारताच लिहून मोकळा झाला होता.

या वेळी दादानं आकडा खोडला नाही की टोमणा मारला नाही. त्यानं पेन्सिल टेबलावर ठेवली.

"मी आले असते," चिमी म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर बाक खोडला."

मग तो बरंच बोलला, त्याच्या मानानं बरंचच. आधी आई-बाबांच्या आजारपणासाठी आणि मग त्याच्या जेवणाखाण्यासाठी तिनं बाहेरगावची मोठमोठी कामं सोडली होती, ते त्याला दिसत होतं. त्यानं बोलावलं तर ती नाही म्हणणार नाही, ऑफिसला कुलूप लावून मागोमाग येईल आणि जंगलातही त्याचंच करत बसेल. आता तरी तिनं मोकळं व्हावं, असं त्याचं म्हणणं होतं.

चिमीनं सगळं ऐकून घेतलं.

"आणि मलाच यायचं असलं तर?"

दादानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला. नाकासमोर चालणारा माणूस, खोटं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"मला एकट्यानं राहून बघायचंय गं," तो म्हणाला. "तुझा कंटाळा आला असं नाही. पण एकदा तरी."

चिमीला फार वाईट वाटलं. रागही आला, पण धरून ठेवावा असा नव्हता. साठ वर्षांत या माणसानं स्वतःसाठी एवढंच काय ते मागितलं होतं. तिनं लाल पेन्सिल उचलली, दोन खोडून एक लिहिला आणि खाली नवा आकडा मांडला, दहा हजार आठशे लिटर. दादानं ओठ हलवत पुन्हा गुणाकार केला आणि शेजारी बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं सुधारलेला नकाशा घरी आणला आणि टेबलावर पसरला. टाकी निम्मी झाल्यामुळे तिचा पाया अलीकडे सरकला होता, आणि मागच्या बाजूचं जे एकच झाड पाडावं लागणार होतं ते आता रेषेच्या बाहेर राहत होतं.

"एक झाड वाचलं," ती म्हणाली.

दादाचा चेहरा खुलला. कुठलं, म्हणून त्यानं विचारलं आणि चिमीनं त्यावर बोट ठेवलं. ते पाडावं लागणार म्हणून कितीतरी रात्री आपल्याला झोप लागली नव्हती, असं तो सांगत राहिला, आणि चिमी ऐकत राहिली.