पुन्हा येऊन बघा

"ताई, हा काढू का?" संगणकवाल्यानं विचारलं. विचारताना त्याचं बोट माउसवर होतंच.

"नको," वेलांटीताई म्हणाल्या.

"अहो, दुसरा टाकलाय ना. नवाकोरा ब्राउझर. पळतो कसा बघा तरी."

"मला कुठं पळायचंय?"

छापखान्याच्या त्या लांबट खोलीत हशा पिकला. मालकांनी जुने संगणक काढून नवे आणले होते, जुन्यांतलं सगळं त्यांत उतरवून घेतलं होतं आणि सगळ्यांवर एकच ब्राउझर ठेवायचा, म्हणजे बिघडलं तर दुरुस्तीला सोपं, असं फर्मान काढलं होतं. फर्मान ऐकून जो तो आपापल्या ब्राउझरची वकिली करायला लागला.

"माझ्याला हात लावायचा नाही," हिशेबनीस म्हणाले. "बँकेचं पान फक्त त्यातच उघडतं. दुसऱ्यात उघडलं की नुसतं गोल गोल फिरतं."

मांडणी करणाऱ्या मुलीला तिसराच हवा होता. घरी फोनवर जे उघडून ठेवावं ते इथं आयतं समोर येतं म्हणे. छपाईयंत्रावरचे काका हात पुसत दारात उभे होते. ते म्हणाले, "मी तर मशीनबरोबर जो आला तोच वापरतो. पदरी पडलं, पवित्र झालं."

"आणि ताई, तुमचं काय कारण? मालकांना सांगायला काहीतरी द्या."

"सवय," ताई म्हणाल्या.

सवय हा शब्द खरा होता. पुरा नव्हता, एवढंच.

ताई मुद्रितशोधक. छापायला जाण्याआधी प्रत्येक पान त्यांच्या नजरेखालून जायचं आणि चुकलेली वेलांटी त्यांना जेवणातल्या खड्यासारखी लागायची, म्हणून हे नाव. आता त्या निवृत्तीला टेकल्या होत्या. पण पूर्वी, आईला अर्धांगवायू झाला तेव्हा, त्या घरीच बसून प्रुफं तपासत. लग्न राहून गेलेलं. भाऊ लांब. भाच्यानं टाकून दिलेला एक संगणक आईच्या खाटेशेजारच्या टेबलावर होता. दुपारी आईचा डोळा लागला की ताई त्यावर काहीबाही वाचत बसत.

तिथंच एकदा त्यांना एक निवेदन दिसलं. एक ब्राउझर होता, फुकटचा, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेला. तो आपल्या भाषेत आणायचा होता. त्यातली प्रत्येक पाटी, प्रत्येक बटण, प्रत्येक सूचना. पैसे मिळणार नव्हते. ताईंनी नाव कळवलं.

दहाबारा जण होते. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं, सगळा व्यवहार मेलवर. त्यात दुसऱ्या गावचे एक मास्तर होते, शाळेत विज्ञान शिकवणारे. ताईंचं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून वाजलं.

'बुकमार्क'ला ताईंनी 'वाचनखूण' सुचवलं. मास्तरांनी लिहिलं, "नुसतं खूण पुरे. वाचलंय कुठं अजून?" 'इतिहास' या शब्दाला त्यांचा विरोध होता. "इतिहास म्हटलं की माझी मुलं पळून जातात. 'पाहिलेली पानं' म्हणू." ताई शब्दकोश उघडून उत्तरं देत. मास्तर वर्गातल्या पोरांचे दाखले देत. बाकीचे मजा बघत.

सगळ्यात मोठा वाद एका साध्या सूचनेवरून झाला. इंटरनेटची लाइन गेली, पान उघडलं नाही, तर पडद्यावर काय लिहायचं? ताईंनी लिहिलं होतं, 'पान सापडले नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' त्यात चूक काहीच नव्हती. मास्तरांचं उत्तर आलं:

"प्रयत्न परीक्षेत करतात. हा माणूस आपल्या दारात आलाय. घरात कुणी नसलं तर शेजारी काय म्हणतो? 'आत्ता कुणी नाही, थोड्या वेळानं पुन्हा येऊन बघा.' असं काहीतरी लिहा, म्हणजे त्याला वाटेल, आपलं चुकलं नाही."

ताईंनी ते आईला वाचून दाखवलं. आईच्या ओठाची चालती बाजू हलली. "बरोबर बोलतोय," ती कशीबशी म्हणाली. ताईंनी पराभव मान्य केला. तेच वाक्य गेलं.

काम संपत आलं तेव्हा सगळ्यांनी एकदा भेटायचं ठरवलं. एका कॉलेजची संगणकाची खोली मिळाली होती. ताईंनी आईजवळ शेजारच्या वहिनींना बसवलं आणि पहाटेची बस धरली. मास्तर कल्पनेपेक्षा उंच निघाले, आणि कल्पनेपेक्षा गप्प. मेलवर एवढा भांडणारा माणूस समोर आल्यावर नुसता मान हलवत होता. दोघं दिवसभर एकाच पडद्यासमोर बसली. ताई पाटी वाचत, मास्तर ती तपासून पुढं सरकवत. मध्येच ते म्हणाले, "तुमचा आवाज मेलमधल्यापेक्षा बरा आहे." ताईंना हसू आवरेना.

संध्याकाळी ते बसपर्यंत सोडायला आले.

"पुढच्या आवृत्तीला असाल ना?" त्यांनी विचारलं.

"अवघड दिसतंय. आईचं सगळं माझ्याकडंच आहे."

"ते माहीत आहे मला." ते समोरच्या बसकडं बघत राहिले. "मी आवृत्तीचंच बोलत नाहीये. मला थांबता येईल."

ताईंना खाटेवरची आई दिसली. किती दिवस, किती वर्षं, कुणी सांगावं? या माणसाला आपल्या दारात उभं करून ठेवायचं का?

"थांबू नका," त्या म्हणाल्या.

कंडक्टरनं घंटी मारली. मास्तर "बरं" म्हणाले. बस वळेपर्यंत ते तिथंच उभे होते.

पुढच्या वर्षी त्यांच्या लग्नाची बातमी गटावर आली. ताईंनी अभिनंदन लिहिलं. त्यात एकही मात्रा चुकली नाही. मग गट हळूहळू पांगला. आई पुढं पुष्कळ जगली, आणि ताईंना तिचा एकही दिवस जड झाला नाही. पण ती गेल्यावर घरातलं टेबल, खाट, खिडकी सगळं एकदम मोठं झालं.

ताई परत छापखान्यात जायला लागल्या. लाइन गेली की तिथं सगळे वैतागत, टेबलावर बोटं वाजवत. ताईंच्या पडद्यावर मास्तरांचं ते वाक्य येई. त्या चष्मा नीट करून ते वाचत आणि लाइन परत येईपर्यंत तशाच बसून राहत.

हे सगळं संगणकवाल्याला काय सांगणार? त्यानं खांदे उडवले आणि ताईंचा ब्राउझर राहू दिला.

तो राहिला, पण वाक्य राहिलं नाही. काही आठवड्यांनी ब्राउझरची नवी आवृत्ती आपसूक येऊन बसली. दुपारी लाइन गेली आणि पडद्यावर आलं: 'पान सापडले नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

ताई बघतच राहिल्या. अक्षर न् अक्षर त्यांचंच. इतक्या वर्षांनी तो वाद त्या जिंकल्या होत्या.

"ताई, बरं नाही का?" मांडणीवाल्या मुलीनं विचारलं.

"काही नाही गं. डोळ्यांत काहीतरी गेलं."

घरी येऊन त्यांनी भाषांतरकारांच्या पत्त्यावर लिहिलं. तक्रार नव्हती, नुसती चौकशी. एका तरुण मुलीचं उत्तर आलं. बाकी सगळ्या ब्राउझरमध्ये असंच लिहिलेलं असतं, वेगळं दिसलं की लोक गोंधळतात, म्हणून बदललं, राग मानू नका. खाली लिहिलं होतं, "जुन्या यादीतले मास्तर अधूनमधून फोन करतात. तुमचं सांगितलं तर म्हणाले, त्यांना माझा नंबर द्या. सोबत दिलाय."

नंबर लावायला ताईंना रविवार उजाडावा लागला. फोन एका बाईंनी घेतला.

"कोण बोलतंय?"

ताईंनी कामाचं नाव सांगितलं. मेलवर त्यांना सगळे म्हणायचे ते.

"अगंबाई, वेलांटीताई! तुमच्याशी भांडायचे ना हे? लग्न झालं तेव्हा सारखं तुमचंच सांगायचे. थांबा, देते. जरा मोठ्यानं बोला हं."

मग तो आवाज. थोडा खरखरीत झालेला.

"वाक्य बदललं त्यांनी," ताई एकदम म्हणाल्या. बोलायचं दुसरंच ठरवलं होतं.

"हो का? मला नाही कळलं. मी तो वापरत नाही आता."

"तुम्हीसुद्धा?"

"साखरेनं डोळे गेले हो माझे. उजेड तेवढा कळतो. मुलीनं दुसरा बसवून दिलाय, तो वाचून दाखवतो." ते हसले. "पण काय वाचतो! ना स्वल्पविराम, ना श्वास. शाळेत असता तर बाकावर उभा केला असता."

ताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "काय वाचायचंय तुम्हाला?"

"धूमकेतूंवर एक लेख आलाय म्हणतात. लांबलचक आहे. घरात कुणाला वेळ नाही, आणि हिला वाचायला लावलं तर ही भाजीचा भाव वाचल्यासारखं वाचते."

"ऐकू येतंय मला!" मागून बाई ओरडल्या.

त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी ताई त्यांना फोनवर वाचून दाखवायला लागल्या. संगणकवाला पुढच्या वेळी आला आणि म्हणाला, "ताई, मालक परत विचारतायत," तेव्हा त्या प्रुफातून मान वर न करता म्हणाल्या, "कुठलाही ठेव रे. वाचता आलं म्हणजे झालं."

धूमकेतू संपले, मग समुद्राच्या तळाचं काहीतरी सुरू झालं. ताई स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवत आणि प्रुफं मोठ्यानं वाचायच्या जुन्या शिस्तीत वाचत, विरामचिन्हांसकट. "तळाशी उजेड पोचत नाही स्वल्पविराम तरीही तिथं जीव राहतात पूर्णविराम." प्रत्येक पूर्णविरामाला पलीकडून "हं" येई. बाकी कशाबद्दल ती दोघं कधी बोलली नाहीत.

एका रविवारी दोन पूर्णविराम गेले आणि "हं" आलं नाही. ताई थांबल्या. पलीकडं पावलं वाजली.

"झोपलेत," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. तुम्ही वाचायला लागलात की झोप लागते बिचाऱ्यांना. ठेवू का फोन?"

"ठेवा," ताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "परिच्छेद अर्धा राहिलाय."

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या.

"वाचा," बाई म्हणाल्या. "मी ऐकते."

ताईंनी बोट ओळीवर ठेवलं, आवाज खाली आणला आणि पुढं वाचायला लागल्या.